साडेवीस, पण कुठं?

जानेवारीतल्या एका मंगळवारची गोष्ट. तसं पाहिलं तर गोष्ट म्हणावी एवढंही काही घडलं नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहून काढतेय. संध्याकाळी साडेपाचला ऑफिसमधून येऊन मी गॅरेजमध्ये गाडी लावत होते, बाहेर उणे 22, आणि तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. आमची अमेरिकेतल्या मिनियापोलिसची संध्याकाळ म्हणजे त्यांची पहाट, साडेअकरा तासांचा फरक, ते द्राक्षाच्या बागेत फेरी मारायला निघालेले असतात आणि बॅटरीच्या उजेडात चालता चालता मला फोन लावतात. थंडीच्या दिवसांत आमचं बोलणं तापमानाच्या आकड्यांनीच सुरू होतं. ते म्हणाले, "ओढ्याकडं साडेचार, विहिरीपाशी सात. तिकडं?" मी म्हटलं, बाहेर उणे बावीस, घरात साडेवीस. एरवी एवढं झालं की पुढचा विषय निघतो, फवारणीचा नाहीतर बाळाच्या झोपेचा. त्या दिवशी तात्यांनी विचारलं, "साडेवीस कुठं?"

"घरात."

"अगं, घरात कुठं?"

मला सांगता येईना. गाडी बंद केली तरी मी तशीच बसून राहिले, गॅरेजचं दार मागं करकरत खाली येत होतं, आणि माझ्या डोक्याच्या बरोबर वर, गॅरेजच्या छतावर, आईची खोली. शेवटी म्हटलं, हॉलमध्ये असेल, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारं ते भिंतीवरचं यंत्र, हॉलमध्ये आहे. तर तात्या म्हणाले, "मग तुझी आई हॉलमध्ये बसती का?" यात टोमणा बिमणा काही नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. आई सहा महिन्यांसाठी आली होती, बाळंतपणाच्या आधी पंधरा दिवस, आणि द्राक्षाचा हंगाम सोडून तात्यांना येता येत नाही, त्यामुळं ती इथं कुठं बसते, कुठं झोपते, खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे सगळं त्यांनी फोनवरून विचारून विचारूनच मनात उभं केलेलं होतं. आणि मी त्याच घरात राहून त्यांना भिंतीवरचा एक आकडा सांगत होते.

तोही मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. दुपारी दोनला ऑफिसमधल्या पंपिंग रूममध्ये दूध काढत बसले असताना, एका हातानं फोन धरून, एआय एजंटला, म्हणजे आपण लिहिलेलं समजून कामं करणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलेला. त्याचं असं आहे की मी कामच त्या क्षेत्रात करते. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्या ऑफिसात जो तो एमसीपी सर्व्हर लिहायला लागला. एजंटला बाहेरच्या जगातलं काही वाचता यावं, करता यावं म्हणून मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्यात टूल्स असतात, एजंट आधी विचारतो तुझ्याकडं काय काय आहे, मग लागेल तसं त्यातलं टूल वापरतो. मॅटर्निटी लीव्हच्या शेवटच्या आठवड्यात, बाळ झोपलेलं असताना, मी घरच्या थर्मोस्टॅटसाठी असा एक सर्व्हर लिहिला. थर्मोस्टॅट कंपनीकडून माझ्या प्रोग्रॅमला आकडे मागता यावेत म्हणून लागणारी परवानगी, म्हणजे एपीआयचं टोकन, मिळवायला वेळ गेला, बाकी कोड दीडशे ओळींचा. एकच टूल: तापमान वाच. किती आहे, किती लावलंय, आर्द्रता किती, हीटिंग चालू की बंद. नवरा म्हणाला, तापमान बदलायचंही टूल दे की, पण ते मी मुद्दाम दिलं नाही. पाच महिन्यांचं बाळ आहे घरात, सांगण्यात किंवा समजण्यात काही चूक झाली तर काय घ्या. नुसतं वाचण्यानं कुणाचं काय बिघडणार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

आणि मला ते लागायचं. खरंच लागायचं. घरी फोन केला की रिंगनं बाळ उठतं, आई फोन सायलेंटवर ठेवत नाही कारण मग तात्यांचा फोन कळत नाही. मेसेज केला तर चष्मा शोधून, वाचून, उत्तर येईपर्यंत माझी मीटिंग सुरू झालेली असते. आणि फोन लागलाच तर आई हळू आवाजात विचारते, किती वाजता येशील, आणि तिच्या मागून तो रडत असला की माझं अंगावरचं दूध तिथंच पाझरतं, ब्लाउजवर डाग, तशीच परत डेस्कवर. त्यापेक्षा एजंटला विचारणं सोपं. त्यात कुणाची झोप मोडत नाही, कुणी काही परत विचारत नाही. मी मराठीतच टाइप करते, घरी किती आहे, आणि तो मराठीतच सांगतो. त्या मंगळवारी त्यानं लिहिलं होतं, घरात 20.5 अंश आहे, 21 वर लावलं आहे, हीटिंग सध्या बंद आहे, घर आरामदायक आहे. मी तो "आरामदायक" शब्द दोनदा वाचला. तो बाहेरच्या उणे 22 शेजारी इतका बरा वाटला की मी फोन पालथा ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

तात्यांनी आयुष्यात कधी जागा सोडून तापमान सांगितलेलं नाही. आमचं गाव निफाड तालुक्यात. पेपरात दर हिवाळ्यात बातमी असते, निफाडला पारा अमुक अंशांवर, तो आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. लोक चहाच्या टपरीवर त्यावर बोलतात. तात्या वाचून पेपर घडी करून ठेवायचे, म्हणायचे, हा कुंदेवाडीचा झाला, आपला वेगळा. आणि खरंच वेगळा असायचा. आमच्या बागेला ओढ्याकडं उतार आहे, गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराकडं जाऊन साठते, त्यामुळं वरच्या अंगाला विहिरीपाशी सहा असेल तर खालच्या कोपऱ्यात साडेतीन. अडीच-तीन अंशांचा फरक एकाच बागेत. आणि द्राक्षाला तो फरक म्हणजे सगळंच. थंडी फार उतरली की मण्यांची फुगवण थांबते, पाणी भरलेले मणी तडकतात, आणि एकदा घडात तडकलेले मणी दिसले की व्यापारी आख्ख्या बागेचा भाव पाडतो. म्हणून तात्यांनी चार ठिकाणी मांडवाच्या तारेला सुतळीनं काचेचे साधे तापमापक बांधले होते, घडाच्या उंचीला. डोळ्यांच्या उंचीला बांधले असते तर वाचायला सोपं गेलं असतं, पण ते म्हणायचे, थंडी मला नाही वाजायची, घडाला वाजायची.

मी लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायचे त्या फेरीला. चार-साडेचारची वेळ, तोंडातून वाफ, दहिवरानं पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, आणि बॅटरी माझ्या हातात. ते वाकून वाचायचे, काच अंगठ्यानं पुसायचे, आणि मग एक करायचे जे मला तेव्हा उगाच वाटायचं: त्याच वेलीच्या घडाखाली तळहात धरायचे. हात काढून घेऊन मग आकडा बोलायचे. फार उतरलंय असं वाटलं की शेकोट्या. छाटणीच्या काड्या, भुसा, ओला पालापाचोळा, बांधाबांधानं पेटवत जायचं, जाळ नको, धूर हवा, तो धूर मांडवाखाली साठून राहायचा आणि आम्ही दोघं त्यात खोकत उभे. त्या धुराचा वास स्वेटरमधून फेब्रुवारीपर्यंत जायचा नाही. घरी आल्यावर कॅलेंडरच्या चौकटीत ते बारीक अक्षरात लिहायचे: ओढा साडेतीन, मधली ओळ पाच, विहीर सहा. कधी एकाच आकड्यावर भागवलं नाही.

2018 च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीत पारा दोनच्याही खाली गेला होता, तेव्हा मी इथं होते. साधारण महिन्यानंतर, 30 जानेवारी 2019 ला, मिनियापोलिसला उणे 28 फॅरेनहाइट झालं, सेल्सिअसमध्ये उणे 33. त्या एका हिवाळ्यात आमची बाग पण पोळली आणि इथं शाळा पण बंद राहिल्या. मी तात्यांना फोनवर उणे 33 सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, त्यात झाड कसं जगतं? मला माहीत नव्हतं. मी तेव्हाही आतच होते, हीटिंगमध्ये, पायात मोजे नव्हते.

तर त्या संध्याकाळी फोन ठेवून मी वर गेले. आईच्या खोलीचं दार लावलेलं होतं. ढकललं आणि आधी गुडघ्यांना गार लागलं, मग तोंडाला. आई खाली गोधडीवर बसलेली, पलंगाला पाठ टेकून, बाळ मांडीवर आणि दोघांवरून तिची राखाडी शाल, त्यातून त्याचं फक्त टोपरं आणि नाकाचा शेंडा दिसत होता. तिच्या पायात मोज्यांचे दोन जोड, वरचा जोड माझ्या नवऱ्याचा. आणि फरशीतून गरम हवा येते ती जाळी असते ना, तिच्यावर दुसरी गोधडी घडी करून ठेवलेली.

"आई, हे काय?"

"अगं, तो वारा भसाभसा येतो. याची झोप मोडती. आणि नाक कोरडं पडतं, रात्री रक्त आलं होतं माझ्या."

"थंडी वाजत नाही का तुला?"

"मला काय थंडी? मी निफाडची."

मी तिचा हात धरला. विहिरीच्या पायरीचा दगड असतो पहाटे, तसा हात. बाळ तेवढं ऊबदार होतं, शालीच्या आत, तिच्या पोटाला लागून, त्याला सगळी ऊब देऊन ती कडेला उरली होती. मी त्याच्या अंघोळीचं पाणी बघायचा पिवळा तापमापक आणून तिच्याशेजारी फरशीवर ठेवला. दहा मिनिटांत 59 वर आला, म्हणजे सेल्सिअसमध्ये 15. खाली हॉलमधल्या भिंतीवर तेव्हाही 69 दिसत होतं, तेच ते साडेवीस. आईला तो 69 आकडा आल्यापासून कोड्यात टाकायचा, म्हणायची एकोणसत्तर अंशाला तर माणूस शिजेल की, म्हणजे तिच्या लेखी भिंतीवरच्या त्या आकड्याला काही अर्थच नव्हता, ती सरळ हातापायांवरून ठरवत होती. आणि हातापायांनी काय सांगितलं ते तिनं तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? ते नंतर कळलं, जेवताना, आणि घास खाली जाईना माझा. ख्रिसमसच्या सुमारास एका रात्री आम्ही दोघं किचनमध्ये गॅसच्या बिलाबद्दल बोलत होतो. भांडण नव्हतं, नुसतं या महिन्यात किती आलंय बघ, एवढंच. आई जिन्यात होती. "जावईबापू म्हणत होते ना, फार बिल येतं," ती म्हणाली, भाकरी मोडत, जणू काहीच नाही. नवऱ्याचं तोंड उतरलं. त्यानं उठून थर्मोस्टॅट 73 वर केला, म्हणजे सेल्सिअसमध्ये जवळजवळ 23, आणि मला माहीत होतं की त्यानं काही होणार नाही, कारण प्रश्न त्या भिंतीचा नव्हताच.

कारणं सगळी साधी आहेत, मी आधीच ओळखायला हवी होती. खोली गॅरेजवर, गॅरेजला हीटिंग नाही, म्हणजे खालून थंडी. फर्नेसपासून, म्हणजे घरभर गरम हवा सोडणाऱ्या भट्टीपासून, सगळ्यात लांबची नळी त्या खोलीला जाते, तिथं पोचेस्तोवर हवेचा जोर कमी. जाळी झाकलेली, त्यामुळं तेवढीही नाही. दार लावलेलं, त्यामुळं आतली हवा फिरून परत जायलाही वाट नाही. आणि थर्मोस्टॅट बसवतात भिंतीवर साधारण पाच फुटांवर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. आई दिवसभर भुईवर. आमच्या घरात कुणीच भुईवर बसत नाही, ती सोडून, आणि आता तिच्यामुळं बाळ. हॉल गरम झाला की थर्मोस्टॅट फर्नेस बंद करतो, आणि एजंट मला लिहितो, हीटिंग सध्या बंद आहे, आणि मी ते "आता गरज नाही" असं वाचते.

या थर्मोस्टॅटची जन्मकथा मला मागं कुठंतरी वाचलेली आठवली त्या रात्री. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, व्हाइटवॉटर गावच्या शिक्षकांच्या कॉलेजात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तेव्हा शिपाई वर्गावर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा, शिकवताना मधेच दार उघडायचं. जॉन्सननी विजेवर चालणारं एक उपकरण केलं, वर्गातलं तापमान उतरलं की तळघरात घंटा वाजायची. 1883 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोनच वर्षांनी आमच्याच मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बट्झनं भट्टीची झडप आपोआप उघडणारं यंत्र काढलं, त्यातूनच पुढं हनीवेल कंपनी झाली, आणि 1953 मधली त्यांची ती गोल सोनेरी तबकडी तर आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात पण होती, फिरवली की आत बारीक टक् व्हायचं. मी हे सगळं एरवी कौतुकानं सांगते लोकांना. त्या रात्री मात्र तो शिपाई डोळ्यासमोरून हलेना. तो वर्गात यायचा तेव्हा मुलं कशी बसलीत, कुणी हात चोळतंय का, कुठलं तावदान फुटलंय, हे त्याला न विचारता दिसत असणार. घंटेमुळं त्याचे जिने वाचले, ते चांगलंच झालं, मी त्याच्या जागी असते तर मला पण घंटाच हवी असती. मला माझे जिने वाचवायचेच होते.

बाळ निजल्यावर मी लॅपटॉप उघडला. आधी वाटलं एजंटनं फसवलं, "आरामदायक" कुणी सांगितलं होतं त्याला लिहायला? मग माझा कोड वाचला. एमसीपीमध्ये प्रत्येक टूलला एक नाव असतं आणि एक वर्णन. मॉडेल, म्हणजे एजंटचा मेंदू, आतला कोड बघत नाही, आकडा कुठल्या भिंतीवरून येतो हे त्याला दिसत नाही, त्याला दिसतं फक्त तुम्ही लिहिलेलं वर्णन, त्यावरूनच ते ठरवतं की हे टूल कधी वापरायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय. आणि मी तिथं इंग्रजीत एकच ओळ लिहिली होती: घराचं सध्याचं तापमान. घराचं. एका भिंतीला मी घर म्हणून ठेवलं होतं आणि त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. तात्यांनी पेपरातल्या निफाडला लगेच विचारलं असतं, कुंदेवाडीत ना? एजंटला तसं विचारायला मी जागाच ठेवली नव्हती.

मी ती ओळ खोडली. नवी लिहायला अर्धा तास लागला, जो मला कोडच्या कुठल्याही ओळीला लागला नव्हता. शेवटी मराठीतच लिहिली, मॉडेलला चालतं: हॉलमध्ये जिन्याशेजारच्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवरचं तापमान. वरच्या खोल्यांचं आणि भुईचं यावरून कळत नाही. माणसांना कसं वाटतंय ते यावरून सांगू नये. आईचं किंवा बाळाचं विचारलं तर घरी फोन करायला सांगावं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं खोल्यांसाठी वेगळे सेन्सर मागवले, ते येतील, त्यांचाही आकडा मी वाचेन, खाली भिंतीच्या तळाशी लावायचे असं ठरलंय. आईला दुसऱ्या खोलीत ये म्हटलं तर ती तयार नाही, म्हणते इथं सकाळचं ऊन येतं, बाळाला त्या उन्हात धरता येतं. मग जाळीवर प्लॅस्टिकचं झाकण बसवलं, वारा भिंतीकडं वळतो. दार उघडं. भुईवर जाड गालिचा, त्यावर तिची गोधडी. नाकाला रात्री खोबरेल. ती परत परत म्हणत होती, एवढं कशाला, एवढं कशाला.

गुरुवारी दुपारी दोनला पंपिंग रूममध्ये बसून मी सवयीनं टाइप केलं, आईच्या खोलीत किती आहे. एजंटनं लिहिलं, मला फक्त हॉलमधल्या भिंतीजवळचं माहीत आहे, तिथं 21 आहे, खोलीतलं सांगता येणार नाही, घरी फोन करून बघा. मी थोडा वेळ त्या ओळीकडं बघत राहिले. मशीन घरघर करत होतं. मग फोन लावला. तीन रिंग झाल्या, चौथीला आईनं उचलला, आणि मागून अपेक्षेप्रमाणं तो उठला, रडायलाच लागला.

"झोपला होता का गं?"

"आत्ताच. असू दे. बोल."

"काही नाही. खोलीत कसं आहे?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. कपडे सळसळल्याचा आवाज आला, ती उठली असावी, रडणं जवळ आलं, मग कमी झालं. पावलं ऐकू आली, गालिच्यावरची, आणि मग गालिचा संपल्यावरची.

"खिडकीपाशी गार आहे," आई म्हणाली. "दाराकडं बरं आहे. आणि पाळण्याखाली हात घातला, तिथं चांगलंच ऊबदार आहे बघ."